अंधारातला माणूस यंत्राला दाखवताना

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. फौंड्र्या, मशीनशॉप, लहानमोठे कारखाने, सगळीकडची माणसं एकाच वेळी रस्त्यावर येतात. मोटारसायकलवाले थोड्या वेळात पांगतात. मागे राहतात ते पायी निघालेले, सायकल हातात धरून गप्पा मारत चालणारे, सावळी-बामणोलीकडे जाणारे, मिरजेच्या किंवा माधवनगरच्या अंगाला वळणारे. माल भरलेल्या गाड्याही त्याच सुमाराला बाहेर पडतात. बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही, काही ठिकाणी दिवा नाही. अशा रस्त्यावरचा माणूस कॅमेऱ्याला ओळखता यावा आणि कॅमेऱ्यानं चालकाला वेळेत सावध करावं, यासाठी मी काही वर्षं काम केलं. त्या कामानं मला यंत्राबद्दल जेवढं शिकवलं, त्याहून जास्त रात्री चालणाऱ्या माणसांबद्दल शिकवलं. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं युनिट लहान. मूळ धंदा गाड्यांच्या वायरिंगचा आणि दिव्यांचा. एका वाहतूकदारानं मालकांना विचारलं, की रात्री ड्रायव्हरला माणूस दिसायच्या आधी सांगणारं काही करता येईल का? नव्या महागड्या गाड्यांत अशी सोय असते हे त्यानं पाहिलं होतं. त्याला ती आपल्या जुन्या ट्रकवर बसेल अशी आणि परवडेल अशी हवी होती. मालकांनी हे काम माझ्याकडे आणि दोन तरुण इंजिनिअरांकडे दिलं.

सुरुवातीला आम्ही कागदावर एक हिशेब मांडला आणि तो भिंतीवर लावून ठेवला. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर माणूस आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तरी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे ४५ मीटर झाले. भरलेल्या ट्रकला याहून जास्त. आता डिप्परच्या उजेडात काळपट कपड्यातला माणूस ४०-५० मीटरच्या आत आल्याशिवाय नीट दिसत नाही. याचा अर्थ असा, की चालकानं काहीही चूक केली नाही तरी त्याच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. आम्हाला त्याला एक सेकंद मिळवून द्यायचा होता. या वेगात एक सेकंद म्हणजे १७ मीटर.

चित्रातला माणूस ओळखणारी तयार संगणकीय मॉडेलं मिळत होती. या विषयातला एक महत्त्वाचा टप्पा २००५ सालचा. नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी फ्रान्समधल्या संशोधनसंस्थेत एक पद्धत मांडली. चित्रातल्या कडा कुठल्या दिशेला वळतात हे मोजायचं आणि त्यावरून उभ्या माणसाचा आकार ओळखायचा. पुढे डीप लर्निंग आलं, खुणा कुठल्या पाहायच्या हे यंत्र स्वतःच शिकू लागलं. योलोसारख्या मॉडेलांमुळे छोट्या संगणकावरही सेकंदाला अनेक चित्रं तपासता येऊ लागली. आम्ही असंच एक मॉडेल घेतलं आणि विश्रामबागेतल्या गर्दीत भरदुपारी फिरवलं. शंभर फुटी रस्त्यावरही फिरवलं. काम उत्तम झालं. माणसाभोवती हिरवी चौकट पडत होती, सगळे खूश होते. त्याच आठवड्यात ते रात्री कुपवाडच्या रस्त्यावर नेलं आणि पडदा जवळपास रिकामा राहिला.

याची कारणं शोधण्यातच माझं खरं शिक्षण झालं. पहिलं कारण उजेडाचं. रात्री पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. सेकंदाचा तिसावा भाग म्हटलं तर फार वाटत नाही, पण ६०च्या वेगात तेवढ्यात गाडी अर्ध्या मीटरहून जास्त सरकलेली असते. चित्र फरपटतं. झडप लवकर मिटवावी, तर चित्रात दाणे उठतात. दुसरं कारण अंतराचं. आमच्या कॅमेऱ्यात ५० मीटरवरचा माणूस जेमतेम पस्तीस ठिपके उंच आणि दहा-अकरा ठिपके रुंद दिसत होता. एवढ्याशा डागातून माणूस आणि कडुलिंबाचं खोड यांतला फरक करायचा. तिसऱ्या कारणाकडे मात्र दिव्यांचा धंदा करूनही मी तोपर्यंत या दृष्टीनं पाहिलं नव्हतं. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून डिप्परचा झोत वर कापलेला असतो. त्यामुळे दूरच्या माणसाचे पाय उजळतात, कंबरेच्या वरचा भाग अंधारात राहतो. आपण डावीकडून चालणारे, म्हणून झोत डावीकडे लांब जातो आणि उजवीकडे आखूड पडतो. उजव्या बाजूनं रस्त्यात येणारा माणूस आणखी उशिरा दिसतो. तयार मॉडेल डोकं आणि खांदे शोधत होतं. आमच्या रस्त्यावर आधी दिसतात ती दोन पावलं.

तेव्हा ठरवलं, की आपल्या रस्त्याची, आपल्या रात्रीची चित्रं आपणच गोळा करायची. वाहतूकदाराच्या गाड्यांवर कॅमेरे बसवले. चित्रातल्या प्रत्येक माणसाभोवती हातानं चौकट आखायचं काम आसपासच्या गावांतल्या काही मुली आणि बायका करायच्या. आम्ही त्यांना नियम लिहून दिले होते. डोकं किंवा खांदा दिसत असेल तरच माणूस धरा, नाहीतर सोडून द्या. नियम बाहेरच्या पद्धतीवरून घेतलेला, ऐकायला सरळ.

एक दिवस एका ताईंनी भाऱ्याभोवती चौकट मारलेली सापडली. हिरव्या वैरणीचा मोठा भारा, डोकं नाही, खांदा नाही. तपासणाऱ्या इंजिनिअरनं ती खोडली. त्यांनी परत मारली. तो विचारायला गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, भाऱ्याखाली बाई हाय. तिचं पाय बघा की. मी पण अशीच जातीय रोज संध्याकाळी." चित्र मोठं करून पाहिलं. भाऱ्याखाली खरोखर दोन पावलं होती आणि लुगड्याचा काठ होता.

आमच्या कामाला तिथं वळण मिळालं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांना एकत्र बसवलं आणि रात्री रस्त्यावर कोण कोण, कसं कसं चालतं याची यादी करायला सांगितलं. डोक्यावर भारा घेतलेली बाई. खांद्यावर पोर घेतलेला बाप. घोंगडं किंवा प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला म्हातारा. सायकल ढकलणारा, कॅरियरला पोतं बांधलेला. बंद पडलेली मोटारसायकल ओढणारा. रस्त्याच्या कडेला बसून पाय दाबणारा. पंक्चर काढताना चाकाशी वाकलेला ड्रायव्हर. ही यादी कुठल्याही तयार चित्रसंग्रहात नव्हती. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर टिपलेला, कॅल्टेक संस्थेचा संग्रह २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला, पण त्यात आमची वैरणवाली कुठून असणार? आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं इंटेलच्या साथीनं हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांचा दहा हजार चित्रांचा संग्रह केला, त्यात रिक्षा आली, जनावरं आली. पण प्रत्येक मुलखाची रात्र वेगळी असते. ती तिथल्याच माणसानं नोंदवावी लागते.

त्याच दरम्यान अमेरिकेतल्या एका अपघाताचा चौकशी अहवाल वाचनात आला. १८ मार्च २०१८ रोजी रात्री अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीनं एका बाईला धडक दिली. ती सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. त्या धडकेत तिचा जीव गेला. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी जाणवली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी इतर काही म्हणत राहिली. ठरलेली जागा सोडून माणूस रस्ता ओलांडेल हे त्या यंत्रणेत धरलेलंच नव्हतं. तो अहवाल वाचून मी बराच वेळ काही बोललो नाही. अकराच्या पाळीनंतर सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी किती माणसं मी रोज पाहत होतो! तिथं उपकरणं आमच्यापेक्षा कितीतरी महागडी होती. कमी पडली ती माणसाबद्दलची कल्पना.

ऊस हंगामानं आमची सगळ्यात कठीण परीक्षा घेतली. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेच्या अंधारात बैलगाड्या कारखान्याच्या वाटेला लागतात. सांगलीच्या वसंतदादा कारखान्याच्या दिशेला जाणाऱ्या रस्त्यांवर, पलूस-तासगावच्या बाजूला, हेच दृश्य. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा असेल तर नशीब. गाडीच्या बाजूनं बाई चालतेय, तिच्या डोक्यावर वाढ्याची पेंढी, मागे पोर. बैलांचे पाय आणि माणसाचे पाय चित्रात एकमेकांत मिसळतात. उसाचा भार गाडीबाहेर लोंबतो, त्यामुळे गाडीची कड कुठं संपते आणि माणूस कुठं सुरू होतो हे कळत नाही. आम्ही शेवटी बैलगाडी आणि ट्रॉली यांना स्वतंत्र ओळख दिली आणि नियम केला, की यातलं काहीही दिसलं तर शेजारी माणूस आहे असं धरूनच इशारा द्यायचा. मॉडेल हुशार करण्यापेक्षा या साध्या गृहीतकानं जास्त काम केलं. हा नियम आम्हाला एका गाडीवानानं दिला. थांबून त्याच्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, गाडीसंगं माणूस असतोच. बिगर माणसाची गाडी कशी चालंल?"

आषाढीच्या आधी वेगळी अडचण. बेळगावच्या बाजूनं, कोल्हापूर जिल्ह्यातून येणाऱ्या दिंड्या मिरजेवरून पंढरपूरच्या रस्त्याला लागतात. ऊन टाळायला पहाटे अंधारातच चाल सुरू होते. पांढरे सदरे-धोतरं दिव्यात लख्ख दिसतात, त्यामुळे ओळखायला सोपं वाटलं होतं. पण एकाच माणसाभोवती यंत्र आधी अनेक चौकटी मारतं आणि मग एकमेकांवर चढलेल्या चौकटींतली एक ठेवून बाकी पुसतं. खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या माणसांच्या बाबतीत ते खरी माणसंही पुसायचं. सहा माणसांच्या ओळीत दोनच दिसायची. घोळका आहे एवढं कळलं तरी इशारा देता येतो, हे खरं. पण घोळक्यातून एकजण पाणी प्यायला पलीकडे निघतो तेव्हा नेमका तोच कळायला हवा. त्यासाठी आम्ही पुन्हा पावलांकडे आलो आणि पावलांच्या जोड्या मोजू लागलो. पावलांच्या हालचालीची एक लय असते, ती झाडाला, दगडाला किंवा खांबाला नसते.

मधल्या काळात उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा काही दिवसांसाठी मिळाला. अंगातून बाहेर पडणारी ८ ते १४ मायक्रोमीटरची अवरक्त किरणं तो पकडतो, त्याला दिव्याची गरज नसते. डिसेंबरात कृष्णाकाठी धुकं धरलं होतं, तरी त्यात माणूस स्वच्छ उजळ दिसला. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. मग एप्रिल आला. दिवसभर तापलेलं डांबर रात्री आठ-नऊपर्यंत माणसाच्या अंगाइतकंच गरम राहतं. रस्ता आणि माणूस एकाच रंगाचे झाले. पहाटे डांबर निवल्यावर माणूस पुन्हा दिसू लागला, पण संध्याकाळीही चालणाऱ्यांची गर्दी असतेच. शिवाय काच ही किरणं अडवते, म्हणून हा कॅमेरा काचेच्या आत बसवता येत नाही. त्याचं भिंग जर्मेनियमचं, किंमत आमच्या गिऱ्हाइकाला न झेपणारी. उपकरण उत्तम आहे, पण एकट्याच्या बळावर वर्षभर पुरणारं नाही. साधा कॅमेरा आणि थर्मल कॅमेरा दोन्ही मिळून पाहतात तेव्हाच निकाल चांगला येतो.

चुकीच्या इशाऱ्यांनी मला माणसाच्या विश्वासाबद्दल शिकवलं. आमच्या भागात चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स असतात, त्यांवर हात जोडून उभी असलेली पुरुषभर उंचीची माणसं असतात. यंत्र त्यांना माणूस म्हणणारच. गेरू-चुन्याचे पट्टे मारलेली झाडं, शेतातलं बुजगावणं, मैलाचा दगड, ओल्या रस्त्यात पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब, या सगळ्यांवर बझर वाजायचा. एका ट्रकमध्ये बझरच्या भोकात कापूस कोंबलेला सापडला. ड्रायव्हर मामा शांतपणे म्हणाले, "हे सारखंच वरडतंय. मग खरं वरडलं तरी ध्यान जात न्हाई." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एकही माणूस सुटू नये म्हणून यंत्र जास्त संवेदनशील करावं, तर इशारे वाढतात. इशारे वाढले की चालक ऐकायचं सोडतो, आणि मग प्रत्येक माणूस सुटतो. आम्ही बझर राखून ठेवला तो फक्त गाडीच्या वाटेत येणाऱ्यासाठी. कडेनं सरळ चालणाऱ्यासाठी काचेच्या कोपऱ्यात छोटा पिवळा दिवा ठेवला. फ्लेक्सवरचा माणूस जवळ गेलं तरी पावलं टाकत नाही, हेही यंत्राला शिकवलं. महिन्याभरानं मामांनी कापूस स्वतः काढला. मला मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ती मोठी होती.

दोन गोष्टी आम्ही पहिल्यापासून पाळल्या. चाचणीसाठी जिवंत माणूस धावत्या गाडीपुढे उभा केला नाही. पेंढा भरलेले, जुने कपडे घातलेले पुतळे दोरीनं ओढले, तेही बंद आवारात, सुट्टीच्या रात्री. आणि गोळा केलेल्या चित्रांतले चेहरे चौकटीवाल्यांकडे जाण्याआधीच पुसट केले. रात्री घरी जाणाऱ्या बाईचं चित्र तिला न विचारता आपल्याकडे येतं, तेव्हा एवढी जबाबदारी आपली असतेच.

पुढं आम्ही कुठल्या ठिकाणी किती वेळा इशारा वाजतो हे नकाशावर मांडलं. ठिपके सगळीकडे सारखे नव्हते. ठरावीक वळणं, ठरावीक पूल, एसटीचे काही थांबे, आणि जिथं दिवे बंद होते असे पट्टे, तिथं ते दाट होते. ती यादी संबंधितांकडे दिली. एका वळणावर दिवा लागला. त्या एका दिव्यानं तिथल्या ओळखीत जेवढी सुधारणा झाली, तेवढी आमच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीनं झाली नव्हती. नागपुरात हाच विचार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. २०२१ साली तिथं सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर इशारा देणारे कॅमेरे बसवले गेले. ट्रिपल आयटी हैदराबाद, इंटेल, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा असे भागीदार त्यात होते. बसचालकांना मिळालेल्या इशाऱ्यांवरून, अजून अपघात घडलेले नाहीत पण घडू शकतात अशा जागा शोधायच्या आणि रस्ता आधीच दुरुस्त करायचा, अशी त्यामागची कल्पना. कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा उपयोग मला यातच दिसतो.

यंत्राची मर्यादा मी लपवणार नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे पादचाऱ्यांना होणाऱ्या धडका एकूण २७ टक्क्यांनी कमी झाल्या, पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक दिसला नाही. जिथं गरज सर्वांत जास्त, तिथंच यंत्र सर्वांत दुबळं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. एवढी माणसं एखाद्या कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाहीत.

म्हणून या कामातून मी एक निष्कर्ष घेऊन आलो आहे. अंधारात माणूस दिसतो, कारण तो तिथं असेल हे कुणीतरी आधी धरलेलं असतं. रस्ता आखणाऱ्यानं धरलं तर फुटपाथ होतो, दिवा बसवणाऱ्यानं धरलं तर उजेड पडतो, मॉडेल शिकवणाऱ्यानं धरलं तर वेळेवर इशारा मिळतो, आणि चालकानं धरलं तर पाय ब्रेकजवळ राहतो. यातला कुणी एक कमी पडला तर दुसऱ्याला सावरून घेता येतं. सगळेच कमी पडले तर उरतात ते ४५ मीटर.

कारखानदारांना माझी विनंती आहे, रात्रपाळीच्या कामगारांच्या गणवेशाला चकाकणारी पट्टी शिवून द्या. साखर कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती रस्त्यावर सोडू नये. फुटपाथ नसेल तिथं चालणाऱ्यांनी समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं चालावं. आणि रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं एवढं ध्यानात ठेवावं: ८०च्या वेगात गाडी थांबायला सत्तरेक मीटर लागतात आणि डिप्परमध्ये तेवढं दिसत नाही. आपला दिवा जिथवर पोचतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.